राष्ट्रहित आणि मानवहित : लशीच्या बाटलीतून शिकवता येईल असा एक पाठ



‘राष्ट्रीय हितसंबंध’ हा शब्द मुलांना साधारण नववीच्या राज्यशास्त्रात भेटतो. तिथे त्याची व्याख्या येते, दोन गुणांचा प्रश्न येतो आणि विषय संपतो. त्याच पुस्तकात पुढे संयुक्त राष्ट्रांचा धडा असतो. त्यात सगळे देश मिळून मानवजातीचं कल्याण करतात असं मुलं वाचतात. या दोन धड्यांची एकमेकांशी गाठ घालून द्यायची मात्र राहून जाते. प्रत्येक देश आपलंच हित बघणार असेल तर सगळ्यांचं कल्याण कोण बघणार, हा प्रश्न मुलांना पडायला हवा. खरं तर तो नववीपर्यंत थांबायचीही गरज नाही. पाचवी-सहावीतल्या मुलांनाही तो कळतो, फक्त उदाहरण त्यांच्या ओळखीचं पाहिजे.

मी यासाठी लशीचं उदाहरण घेते. हवामान बदलाचं घेता येईल, पण ते मुलांना दूरचं वाटतं. कोरोना मात्र त्यांच्या घरातून गेलेला आहे. आज सहावी-सातवीत असलेली मुलं तेव्हा बालवाडीत किंवा पहिली-दुसरीत होती. शाळा बंद होती, एवढं तरी त्यांना नक्की आठवतं.

सुरुवात गावाच्या वेशीपासून

जगाकडे जाण्याआधी गावाकडे बघू. २०२० च्या मार्च-एप्रिलमध्ये मुंबई-पुण्याहून लोक गावी परतू लागले, तेव्हा आपल्याकडच्या कितीतरी गावांनी रस्त्यावर बाभळीच्या काट्या टाकल्या, कुठे मातीचे ढीग लावले, कुठे बांबू आडवा बांधला. ‘बाहेरच्यांना प्रवेश नाही’ अशा पाट्या लागल्या. आता हे बाहेरचे म्हणजे कोण? त्याच गावातली मुलं, सुना, जावई. गावाला दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. गावात दवाखाना नाही, म्हातारी माणसं जास्त, भीती खरी होती. पण त्या काट्यांमुळे शेजारच्या गावच्या बाळंतिणीचा रस्ता अडला, दूध अडलं, औषध अडलं, हेही खरं होतं.

मुलांना एवढं सांगितलं की पुढचं अर्धं काम होतं. कारण अगदी त्याच दिवसांत देशादेशांनी हेच केलं. मार्च २०२० मध्ये इटलीत रुग्णालयं भरून वाहत होती. इटली हा युरोपीय संघाचा संस्थापक देश. पण त्याच संघातल्या फ्रान्स आणि जर्मनीने मास्क व संरक्षक साहित्य देशाबाहेर पाठवण्यावर निर्बंध आणले. आपणही मागे नव्हतो. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन या गोळीचा उपयोग होतो असा समज तेव्हा पसरला होता. भारताने मार्चच्या अखेरीस तिची निर्यात थांबवली आणि एप्रिलमध्ये अमेरिकेच्या मागणीनंतर काही प्रमाणात पुन्हा खुली केली. पुढे ती गोळी कोरोनावर उपयोगाची नाही हेच सिद्ध झालं! म्हणजे ज्या वस्तूसाठी एवढी ओढाताण झाली, ती वस्तूच कामाची नव्हती. मुलं इथे हसतात. हसू द्यावं.

देवी कशी गेली

‘देश असेच वागणार, त्याला इलाज नाही’ असं आपण मोठी माणसं पटकन म्हणून टाकतो. मुलांसमोर तसं म्हणायच्या आधी देवीची गोष्ट सांगायला हवी. माझ्या मते या विषयात सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा.

देवी हा रोग विसाव्या शतकात अंदाजे ३० कोटी माणसं घेऊन गेला. जे वाचले त्यांच्या चेहऱ्यावर व्रण राहिले, अनेकांची दृष्टी गेली. लस मात्र फार पूर्वीपासून होती. एडवर्ड जेन्नरने १७९६ मध्ये इंग्लंडमध्ये ती शोधली आणि १८०२ मध्ये ती मुंबईत पोहोचली. भारतातलं पहिलं देवीचं लसीकरण मुंबईत झालं, ही गोष्ट मुलांना आवर्जून सांगावी. ती लस बगदाद-बसऱ्याच्या मार्गाने आली होती. तेव्हा फ्रीज नव्हते. एकाच्या हातावरच्या फोडातून दुसऱ्याला, दुसऱ्याकडून तिसऱ्याला अशी ती माणसांच्या अंगावरून प्रवास करत आली.

म्हणजे लस येऊन दीडशे वर्षं झाली तरी रोग गेला नव्हता. श्रीमंत देशांतून तो गेला होता. अमेरिकेत देवीचे शेवटचे रुग्ण १९४९ मध्ये आढळले. आपल्याकडे, आफ्रिकेत, ब्राझीलमध्ये तो होताच. १९५८ मध्ये अमेरिकेतल्या मिनीआपोलिस शहरात जागतिक आरोग्य सभेची बैठक झाली. तिथे सोव्हिएत संघाचे प्रतिनिधी व्हिक्टर झ्दानोव यांनी सुचवलं की देवी जगातूनच नाहीशी करूया. पुढच्या वर्षी तसा ठराव झाला. लक्षात घ्या, हा शीतयुद्धाचा काळ. अमेरिका आणि सोव्हिएत संघ एकमेकांवर अण्वस्त्रं रोखून बसले होते. आणि प्रस्ताव एकाचा, बैठक दुसऱ्याच्या घरी!

१९६७ पासून मोहीम जोरात सुरू झाली. प्रमुख होते अमेरिकेचे डॉ. डी. ए. हेंडरसन. लशीचा मोठा वाटा आला सोव्हिएत संघाकडून, तो सगळा दान म्हणून. ही लस वाळवलेली, पूड स्वरूपातली होती, त्यामुळे उन्हाळ्यातही खेड्यापर्यंत टिकायची. टोचण्यासाठी दोन टोकांची एक साधी सुई वापरली गेली. त्या सुईत थोडीच लस लागायची आणि दहा-पंधरा मिनिटांत कोणालाही टोचायला शिकवता यायचं. ही सुई वायथ या अमेरिकी औषध कंपनीत तयार झाली होती आणि कंपनीने या मोहिमेसाठी स्वामित्वशुल्क घेतलं नाही. हा तपशील लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आपल्या देशात १९७४ साली बिहारमध्ये फार भयंकर साथ आली. आरोग्य कर्मचारी घरोघर फिरले, रुग्णाचं चित्र असलेलं कार्ड दाखवून ‘असा कोणी पाहिलात का’ म्हणून विचारत राहिले. मे १९७५ मध्ये भारतातला शेवटचा रुग्ण नोंदला गेला. ऑक्टोबर १९७७ मध्ये सोमालियात जगातला शेवटचा नैसर्गिक रुग्ण सापडला, तो एका रुग्णालयातला स्वयंपाकी होता आणि तो बरा झाला. ८ मे १९८० ला देवी जगातून गेल्याची घोषणा झाली.

आता इथे एक सावधगिरी. ही गोष्ट ‘पूर्वी लोक किती चांगले होते’ अशा सुरात सांगू नये. त्या देशांनीही आपलं हित पाहिलंच होतं. १९५९-६० च्या हिवाळ्यात मॉस्कोमध्ये देवीची साथ आली. एक सोव्हिएत चित्रकार भारतात फिरून परतला होता आणि त्याच्यासोबत रोगही आला. लाखो लोकांना घाईघाईने लस टोचावी लागली. अमेरिकेत एकही रुग्ण नसताना दर वर्षी लाखो मुलांना लस द्यावी लागत होती, कारण विमानातून रोग कधी येईल याचा नेम नव्हता. जगातून रोग गेला, तेव्हा त्यांचा हा खर्च कायमचा वाचला. फरक एवढाच की त्यांना हित दहा-वीस वर्षांच्या अंतरावरचं दिसलं.

२०२१ : लस आली आणि रांगही आली

कोरोनाची लस वर्षभराच्या आत तयार झाली, हे शास्त्रज्ञांचं मोठंच यश. सगळ्या देशांना लस न्याय्य पद्धतीने मिळावी म्हणून एप्रिल २०२० मध्येच ‘कोवॅक्स’ नावाची योजना आखली गेली. जागतिक आरोग्य संघटना, गावी आणि सेपी या संस्था त्यामागे होत्या, वाटपाचं काम युनिसेफकडे होतं. कल्पना सोपी होती. सगळ्या देशांनी एकत्र भिशीसारखे पैसे टाकायचे, एकत्र लस घ्यायची आणि लोकसंख्येच्या प्रमाणात वाटायची. आधी प्रत्येक देशातले आरोग्य कर्मचारी, वृद्ध, मग बाकीचे. २०२१ च्या अखेरीपर्यंत २०० कोटी डोस देण्याचं उद्दिष्ट होतं.

झालं असं की श्रीमंत देशांनी भिशीतही पैसे टाकले आणि मागच्या दाराने कंपन्यांशी थेट करारही केले. कॅनडासारख्या देशाने आपल्या लोकसंख्येला कित्येक वेळा पुरतील एवढे डोस आरक्षित केले. कोणती लस यशस्वी होईल हे माहीत नव्हतं म्हणून सगळीकडे नंबर लावला, असं त्यांचं म्हणणं. ते अगदीच खोटं नव्हतं. पण कारखाने मोजकेच आणि ऑर्डर आधीच भरलेल्या, मग कोवॅक्सच्या हाती काय येणार? १८ जानेवारी २०२१ ला जागतिक आरोग्य संघटनेचे प्रमुख डॉ. टेड्रोस यांनी एक आकडा सांगितला. ४९ सधन देशांत तोपर्यंत ३ कोटी ९० लाख डोस देऊन झाले होते. सर्वांत गरीब देशांपैकी एका देशात दिले गेले होते २५. पंचवीस लाख नाही, पंचवीस हजारही नाही. फक्त २५ डोस.

हे दोन आकडे फळ्यावर एकाखाली एक लिहा. ३,९०,००,००० आणि २५. यावर वेगळं भाषण करावं लागत नाही.

कोवॅक्सची पहिली खेप २४ फेब्रुवारी २०२१ ला घाना देशात उतरली. ६ लाख डोस. ते कुठून आले होते? आपल्या पुण्यातून, सीरम इन्स्टिट्यूटमधून. मांजरीतल्या कारखान्यात भरलेल्या बाटल्या आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर पोहोचल्या, हे मुलांना नकाशावर बोट ठेवून दाखवावं. अभिमान वाटतो आणि वाटावाच.

मार्चमध्ये इटलीने ऑस्ट्रेलियाला जाणारे अडीच लाख डोस अडवले. वर्षापूर्वी ज्या देशाला शेजाऱ्यांनी मास्क दिले नव्हते, तोच आता दुसऱ्याची लस अडवत होता. अमेरिकेने आपल्या कारखान्यांना प्राधान्य देणारा जुना कायदा वापरला, त्यामुळे लस बनवण्यासाठी लागणाऱ्या पिशव्या, गाळण्या अशा वस्तू बाहेर मिळेनात. एप्रिलमध्ये सीरमच्या आदर पूनावाला यांनी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना जाहीर विनंती केली की कच्च्या मालावरची अडवणूक उठवा. लस जरी पुण्यात तयार होत असली तरी तिच्यासाठी लागणारा माल अनेक देशांतून येतो. एका देशाने दार लावलं की चार कारखाने अडतात.

आणि मग आपली पाळी

हा भाग शिकवताना आपण शिक्षक बिचकतो. दुसऱ्या देशांचा स्वार्थ सांगणं सोपं असतं. पण हा भाग गाळला तर पाठ लंगडा राहील असं मला वाटतं.

जानेवारी २०२१ मध्ये आपण ‘लस मैत्री’ सुरू केली. २० जानेवारीला भूतान आणि मालदीवला पहिले डोस गेले, मग नेपाळ, बांगलादेश, म्यानमार, आणि पुढे आफ्रिका-कॅरिबियनपर्यंत. मार्चअखेरपर्यंत ६ कोटींहून अधिक डोस बाहेर गेले. त्यात काही भेट, काही विक्री आणि काही कोवॅक्सच्या वाट्याचे. याच काळात भूतानने मोठं काम केलं. आपण भेट दिलेल्या लशीतून त्यांनी दोन आठवड्यांत जवळजवळ सगळ्या प्रौढांना पहिला डोस दिला.

मग दुसरी लाट आली. तो एप्रिल-मे आपण कोणीच विसरलेलो नाही. रोजचे नवे रुग्ण ४ लाखांच्या वर गेले. बेड नाही, ऑक्सिजन नाही, स्मशानात जागा नाही. लशीच्या केंद्राबाहेर पहाटेपासून रांगा आणि दुपारी ‘साठा संपला’ची पाटी. भारताने लशीची निर्यात काही महिने थांबवली. देशातल्या लोकांना आधी लस द्यायची, हा निर्णय त्या वेळी आपल्यापैकी कोणाला चुकीचा वाटला असता? मला तरी नाही. आमच्याही घरात आई-वडिलांना डोस मिळावा म्हणून मोबाईलवर रात्री जागून नोंदणी चालली होती.

पण त्या निर्णयाची दुसरी बाजूही तेवढीच खरी. कोवॅक्सचा मुख्य आधार सीरम होता, त्यामुळे ती योजनाच कोलमडली. नेपाळमध्ये पासष्टीच्या पुढच्या लाखो आजी-आजोबांनी कोविशील्डचा पहिला डोस घेतला होता, ते दुसऱ्या डोससाठी महिनोन्‌महिने थांबले. भूतानला दुसरा डोस अमेरिका आणि डेन्मार्ककडून जुलैमध्ये मिळाला. आफ्रिकेतल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना, म्हणजे नर्स आणि आशाताईंसारखं काम करणाऱ्यांना, वाट पाहावी लागली. २०० कोटींच्या उद्दिष्टातले जेमतेम निम्मे डोस २०२१ च्या अखेरीपर्यंत पोहोचू शकले.

म्हणजे नेमका दोष कोणाचा? मुलं हा प्रश्न विचारतातच. माझं मत असं की एका देशाकडे बोट दाखवून उत्तर मिळत नाही. संपूर्ण गरीब जगाची लस एकाच शहरातल्या एका कंपनीवर टांगून ठेवली होती, ही खरी चूक. आणि ती तशी टांगली गेली कारण लस बनवण्याचं ज्ञान मोजक्या हातांत होतं. भारत आणि दक्षिण आफ्रिकेने २ ऑक्टोबर २०२० लाच जागतिक व्यापार संघटनेत मागणी केली होती की साथीच्या काळापुरते लस-औषधांवरचे बौद्धिक संपदेचे हक्क शिथिल करा, म्हणजे इतर देशांतही कारखाने उभे राहतील. शंभराहून अधिक देशांनी पाठिंबा दिला. ज्या देशांत मोठ्या औषध कंपन्या आहेत, त्यातल्या अनेकांनी विरोध केला. निर्णय झाला जून २०२२ मध्ये, तोही फक्त लशीपुरता आणि बराच पातळ करून. तोवर साथीचा कडेलोट होऊन गेला होता. देवीच्या वेळची ती दोन टोकांची सुई आठवा.

उरलेल्या लशीचंही ऐका. श्रीमंत देशांकडे साठा जास्त झाला तेव्हा त्यांनी दान सुरू केलं, पण पुष्कळदा मुदत संपत आलेले डोस. डिसेंबर २०२१ मध्ये नायजेरियाने मुदत संपलेले १० लाखांहून अधिक डोस नष्ट केले. शिळं अन्न दारात ठेवायचं आणि वर ‘आम्ही वाटलं’ म्हणायचं, असा प्रकार आपल्या आजीला चालला नसता.

खरं बोलल्याची शिक्षा

यातली सर्वांत जास्त विचार करायला लावणारी गोष्ट माझ्या मते लशीची नाही, माहितीची आहे. २४ नोव्हेंबर २०२१ ला दक्षिण आफ्रिकेने विषाणूच्या एका नव्या रूपाची माहिती जगाला दिली. दोन दिवसांत त्याचं ‘ओमिक्रॉन’ असं नामकरण झालं. त्यांच्या शास्त्रज्ञांनी चपळाईने काम केलं, लपवलं काही नाही. त्याचं बक्षीस काय? अनेक देशांनी दक्षिण आफ्रिका आणि तिच्या शेजारी देशांमधली विमानं बंद केली. तोवर ओमिक्रॉन इतर खंडांतही पोहोचलेला होता.

वर्गात एखाद्या मुलाने येऊन स्वतःहून सांगितलं की ‘मॅडम, काच माझ्याकडून फुटली’ आणि आपण त्यालाच बाकावर उभं केलं, तर पुढच्या वेळी कोण सांगेल? देशांचंही तसंच आहे. माहिती दिल्यावर नुकसानच होणार असेल तर उशिरा सांगायची, कमी सांगायची सवय लागते. साथीच्या रोगात उशीर म्हणजे मरण.

याच्या उलट बाजूचं उदाहरण इंडोनेशियाचं. बर्ड फ्लूच्या साथीत इंडोनेशिया आपल्याकडचे विषाणूचे नमुने जागतिक आरोग्य संघटनेला नेमाने पाठवत होता. मग त्यांच्या लक्षात आलं की त्याच नमुन्यांवरून ऑस्ट्रेलियातली एक कंपनी लस तयार करतेय आणि ती लस विकत घेणं इंडोनेशियाला परवडणारं नाही. तेव्हा आरोग्यमंत्री सिती फदिलाह सुपारी यांच्या काळात त्यांनी नमुने देणंच थांबवलं. जग चिडलं. नमुने अडवणं धोक्याचंच होतं. पण त्यांचा प्रश्नही रास्त होता. आमचा विषाणू तुम्हाला फुकट आणि त्याची लस आम्हाला विकत, तीही मिळाली तर? चार वर्षं वाटाघाटी चालल्या आणि २०११ मध्ये फ्लूच्या नमुन्यांसाठी एक चौकट तयार झाली. त्यात नमुने देणाऱ्यालाही लशीचा वाटा मिळण्याची सोय आहे.

वर्गात करून बघण्यासारखा खेळ

मी हा खेळ सातवीसोबत घेते, पस्तीस मिनिटांच्या तासात बसतो. ३६ मुलं असतील तर पाच गट करा, म्हणजे पाच देश. ‘अ’ मध्ये ४ मुलं आणि २० नाणी, ‘ब’ मध्ये ६ मुलं आणि १२ नाणी, ‘क’ मध्ये ८ मुलं आणि ८ नाणी, ‘ड’ मध्ये ८ मुलं आणि ४ नाणी, ‘इ’ मध्ये १० मुलं आणि २ नाणी. नाण्यांच्या जागी चिंचोके चालतात. लशीच्या चिठ्ठ्या २४, एका चिठ्ठीला एक चिंचोका. ज्याच्याकडे जास्त चिंचोके तो आधी विकत घेणार. नियम एकच : ज्या गटात निम्म्याहून जास्त मुलं लशीविना राहतील, त्या गटामागे एकदा फासा टाकायचा. सहा पडले तर नवा विषाणू आला, सगळ्यांच्या चिठ्ठ्या रद्द.

पहिल्या फेरीत ‘अ’ गट हमखास जास्तीच्या चिठ्ठ्या घेतो. मागच्या वेळी चार मुलांच्या गटाने बारा घेतल्या. का, म्हणून विचारलं तर उत्तर आलं, “मॅडम, हरवल्या तर?” ‘ब’ने आठ घेतल्या, ‘क’ला उरलेल्या चार मिळाल्या आणि ‘ड’, ‘इ’ मोकळ्या हातांनी. ‘ड’ आणि ‘इ’साठी दोनदा फासा टाकला, दुसऱ्यांदा सहा पडले. ‘अ’ गटाच्या बाराच्या बारा चिठ्ठ्या गेल्या.

दुसऱ्या फेरीत मुलांना सांगायचं की आता आपसात बोलून ठरवा. गणिताचा सराव आपोआप होतो. ३६ मुलं, २४ चिठ्ठ्या, म्हणजे प्रत्येक गटाला दोन-तृतीयांश. ‘अ’ला ३, ‘ब’ला ४, ‘क’ आणि ‘ड’ला ५-५, ‘इ’ला ७. बेरीज २४. एकाही गटात निम्म्याहून जास्त मुलं लशीविना राहत नाहीत, म्हणजे फासा टाकायचीच वेळ येत नाही. हे उत्तर एका मुलीने पाटीवर आकडेमोड करून काढलं, तेव्हा वर्गाने टाळ्या वाजवल्या.

पण ‘अ’ गटातला एक मुलगा गप्प होता. त्याला विचारलं तर म्हणाला, “आमच्यात चौघांतल्या एकाला नाही मिळाली. त्याच्या आईला काय सांगायचं? चिंचोके तर होते आपल्याकडे.”

शिक्षकांनो, इथे घाईने उत्तर देऊ नका. जगातल्या प्रत्येक सरकारपुढे नेमका हाच प्रश्न असतो. मतं देशातल्या लोकांची असतात, घानाच्या नर्सला आपल्या निवडणुकीत मत नसतं. मी त्या दिवशी तो प्रश्न फळ्यावर लिहून ठेवला आणि दोन दिवस पुसला नाही. मुलांनी सुचवलेली उत्तरं अशी : चिठ्ठ्या जास्त बनवायला शिकवा, म्हणजे ३६ होतील. ज्याला सर्वांत जास्त धोका त्याला आधी द्या, मग तो कुठल्याही गटातला असो. ‘अ’ने ‘इ’ला चिंचोके उसने द्यावेत. एक जण म्हणाला, “आधीच ठरवायला पाहिजे होतं. फासा हातात घेतल्यावर कोण ऐकतंय?”

खेळात नवा विषाणू आला की लस पूर्ण निकामी होते. प्रत्यक्षात तसं नव्हतं, हे मुलांना सांगून टाकावं. ओमिक्रॉनमध्येही लस घेतलेल्यांना गंभीर आजारापासून बरंच संरक्षण मिळत होतं. मात्र विषाणू जितका जास्त माणसांत मोकाट फिरेल, तितकी त्याला बदलायची संधी जास्त, एवढं तत्त्व बरोबर आहे.

‘आधीच ठरवायला पाहिजे होतं’

त्या मुलाचं वाक्य आणि जगाच्या प्रतिनिधींचं म्हणणं शेवटी एकच निघालं. तीन वर्षांहून जास्त वाटाघाटी करून २० मे २०२५ ला जागतिक आरोग्य सभेने महामारी करार मंजूर केला. आदल्या दिवशी समितीतल्या मतदानात बाजूने १२४ मतं, विरोधात एकही नाही, ११ देश तटस्थ. करारात म्हटलंय की विषाणूचे नमुने आणि माहिती देशांनी लवकर द्यावी आणि त्यात सहभागी होणाऱ्या कंपन्यांनी साथीच्या काळात आपल्या उत्पादनातला २० टक्के वाटा जागतिक आरोग्य संघटनेला उपलब्ध करावा. त्यातला निदान १० टक्के दान म्हणून आणि बाकीचा परवडणाऱ्या दरात. इंडोनेशियाचा जुना प्रश्न इथपर्यंत येऊन पोहोचला.

तरी हुरळून जायचं कारण नाही. नमुने कसे द्यायचे, वाटा कसा मिळवायचा याचे तपशील त्या दिवशी ठरले नाहीत, ते पुढच्या वाटाघाटींवर सोडले गेले. भांडणाचा मुख्य भाग तोच आहे. कोणत्याही देशाला लसीकरण किंवा टाळेबंदीची सक्ती करण्याचा अधिकार संघटनेला नाही, हे करारात मुद्दाम लिहावं लागलं, कारण आपल्या सार्वभौमत्वावर गदा येईल ही भीती अनेक देशांत होती. आणि देवीच्या मोहिमेचं ज्या देशातल्या डॉक्टरने नेतृत्व केलं, त्या अमेरिकेने जानेवारी २०२५ मध्येच संघटनेतून बाहेर पडण्याचं जाहीर केलं होतं. त्यामुळे ती या करारात नाही.

पालकांसाठी थोडंसं. मुलं घरी येऊन विचारतील, “आपण लस दुसऱ्यांना का दिली? आणि मग का थांबवली?” दोन्ही वेळा काय परिस्थिती होती ते सांगा. ‘आपलेच खरे’ किंवा ‘आपलंच चुकलं’ असं एका वाक्यात उरकू नका. शाळेत रोजच्या परिपाठात मुलं आधी देशाची प्रतिज्ञा म्हणतात आणि पुष्कळ शाळांत शेवटी पसायदान म्हणतात. एक देशासाठी, दुसरं सगळ्या विश्वासाठी. मुलांना त्यात अडचण वाटत नाही. अडचण बातम्या बघताना मोठ्यांच्या बोलण्यातून सुरू होते.

शक्य झालं तर एक गृहपाठ घरातल्यांनी मिळून करा. घरात किंवा शेजारी पन्नाशीच्या पुढची माणसं असतील तर त्यांच्या हातावरचा देवीच्या लशीचा व्रण मुलांना दाखवा. बीसीजीचा वण वेगळा, तो मुलांच्या स्वतःच्या दंडावरही असेल. दोन्ही शेजारी शेजारी बघू द्या. देवीचा व्रण आई-बाबांच्या हातावर का नाही, हे मुलांना आधी स्वतःच शोधू द्या. मग आजी-आजोबांना विचारायला सांगा की देवी काढायला कोण यायचं, लोक घाबरून कुठे लपायचे, आणि ती लस कुठल्या देशातून आली होती हे त्यांना तेव्हा माहीत होतं का. उत्तरं वहीत लिहून आणायची. माझ्या वर्गातल्या वह्या पुढच्या सोमवारी तपासायच्या आहेत, तुमच्याकडे काही वेगळं निघालं तर जरूर कळवा.